निमूचं घुर्र

"ही कोण आली, सांग बरं?" ताईंनी विचारलं.

निमूने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. आणि ताईंच्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "फोनआई."

"हां, फोनआई! बघ, फोनमधून बाहेर आली की नाही? जा तिच्याजवळ."

ती आली नाही. ताईंना खाली वाकायला लावून तिने त्यांच्या कानात काहीतरी विचारलं. ताई हसल्या, पण सांगेनात. माझा नवरा योगेश अगदी मागेच लागला तेव्हा म्हणाल्या, "काही नाही हो भाऊजी. विचारतेय, परत आत केव्हा जाणार."

योगेश मोठ्याने हसला. मीही हसले. काठी भिंतीला टेकवली आणि ओसरीवरच्या खाटेवर बसले, कारण त्यापुढे उभं राहणं मला जमलं नसतं.

ताई म्हणजे उज्ज्वलाताई, माझ्या मोठ्या जाऊबाई. शहाद्यापासून थोडं आत, पपईच्या बागांमध्ये त्यांचं घर. निमू आठ महिन्यांची होती तेव्हा नाशिकला एका टेम्पोने माझ्या स्कूटरला उडवलं. मांडीचं हाड तुटलं, सळई घातली, सळईभोवती पू झाला, ती काढली, पुन्हा घातली. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेलेली. योगेशच्या कारखान्यात पाळ्या. दवाखान्यात ताई आल्या, निमूला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "तू आधी उभी राहा. पोरगी कुठं पळून नाही जात."

पळून नाही गेली, पण चालायला मात्र तिकडे शिकली. दात तिकडे आले, बोल तिकडे फुटले. मला ते सगळं तळहाताएवढ्या काचेवर दिसायचं. रेंज गेली की तिचं तोंड उघडं राहायचं आणि मी ते उघडं तोंड बघत बसायचे. ताईंना ती 'माय' म्हणायला लागली. त्या भागात आईला मायच म्हणतात. ताईंनी तिला तसं शिकवलं नव्हतं हे मला माहीत होतं, आणि तरी रात्री पाय ठणकला की मला वाटायचं, शिकवलंच असणार.

आता मी उभी राहिले होते आणि निमू अडीच वर्षांची झाली होती. योगेशला एका आठवड्याची रजा मिळाली होती. मुलीला थोडी सवय होऊ द्यायची आणि घेऊन जायचं, असं ठरवून आम्ही आलो होतो.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला आणि निमू अंथरुणातून उठून, अर्धे डोळे मिटलेलेच, भिंतीला हात लावत तिकडे निघाली. "घुर्र," ती म्हणत होती, "माय, घुर्र!"

मी काठी घेऊन मागोमाग गेले. पिकलेली पपई, एक केळं, खजूर, दूध, चिमूटभर वेलची. ताईंनी भांडं उतरवलं, फेस मोडायच्या आत स्टीलच्या पेल्यात ओतलं आणि तिथेच जमिनीवर बसून तिला मांडीवर घेतलं. निमूने पेला दोन्ही हातांनी धरला आणि खाली ठेवलाच नाही. वरच्या ओठावर केशरी मिशी आली.

"हिला नुसतं दूध चालत नाही. पोळीचा घास चालत नाही. पण हे केलं की दुपारपर्यंत चिंता नाही बघ," ताई म्हणाल्या. "नाव तिनंच ठेवलं. आता हेही मला विचारतात, निमूचं घुर्र झालं का."

"याला स्मूदी म्हणतात, ताई."

"काय की बाई. पोटात गेल्याशी कारण."

मला स्मूदीबद्दल बरंच काही माहीत होतं. अंथरुणावर पडून बायका सिनेमे बघतात. मी फोनवर लोकांच्या पोरांना स्मूदी पिताना बघितलं होतं. भिजवलेले बदाम, ओट्स, दह्यातलं सफरचंद, चिकू आणि अक्रोड. पोराचं वजन किती, लोह किती, कुठल्या फळाने पोट गच्च होतं, सगळं पाठ. हे मी तिला करून देईन, हे आणि हे. माझा पाय टांगलेला असायचा आणि मी मनात तिचे सकाळचे पेले भरत असायचे.

म्हणून ताईंना म्हटलं, "उद्यापासून मी करू?"

"कर की. तुझीच आहे." आणि त्या ताटं घासायला मागच्या मोरीकडे गेल्या.

त्यांच्या पाठोपाठ निमूही गेली.

---

पुढच्या सकाळी मी अगदी त्यांच्यासारखंच केलं. तीच पपई, तेच केळं, तोच पेला. निमूने एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेल्याच्या तोंडावर तळवा ठेवला. "मायचं घुर्र," ती म्हणाली.

"हे तेच आहे, राणी."

"नाई. मायचं."

त्यानंतरच्या सकाळी सफरचंद आणि दही. मग चिकू. मग बदाम आणि ओट्स घालून घट्ट केलेलं. तेव्हा ओसरीवर चहा पीत बसलेले दादा, म्हणजे माझे मोठे दीर, खाकरले. त्या घरात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. जे सांगायचं ते भिंतीला नाहीतर बायकोला सांगतो. ते ताईंना म्हणाले, "उज्ज्वला, सांग गं तिला, म्हशीलाही आपण आंबोण असंच करतो. म्हैसही पहिल्या दिवशी तोंड लावत नाही."

"गप बसा तुम्ही," ताई म्हणाल्या, "निघालेत म्हशी घेऊन."

पण मला हसू आलं नाही. माझं लक्ष ताईंकडे होतं. रोज मी मिक्सर लावला की त्या मागच्या दाराने बाहेर जायच्या. कधी भांडी, कधी तुळस, कधी कोंबड्यांना दाणे. आणि रोज निमू माझा पेला ओलांडून त्यांच्यामागे धावायची. मला पळता येत नव्हतं. काठी टेकत दारापर्यंत जाईतो ती त्यांच्या कडेवर असायची. मी मनाशी म्हटलं, ह्या मुद्दाम जातात. इथं बसल्या, तिला धरलं, म्हणाल्या की पी बाई, आई देतेय, तर ती पिणार नाही का? तोंडाने तुझीच आहे म्हणतात आणि पायाने तिला ओढून नेतात.

योगेशला तसं म्हटलं, तर तो चिडला. "वेड लागलंय का तुला? त्या समोर असल्या तर पोरगी तुझ्याकडे बघणार तरी आहे का? म्हणून जातात त्या."

"मग ती त्यांच्यामागे का जाते?"

"कारण ती लहान आहे, अनुजा!"

रोज संध्याकाळी मी निमूच्या केसांना तेल लावायला बसायचे. तेवढं ती मला करू द्यायची, कारण त्या वेळी तिच्या हातात ताईंचा डबा असायचा आणि त्यात मोजायला बटणं असायची. मी मागून तिच्या मानेवरचा खळगा बघायचे. आठ महिन्यांची असतानाही तो तिथेच होता. सगळ्या अंगातली तेवढी एकच जागा मला ओळखीची वाटायची. तिथे ओठ टेकवले की ती खांदा उडवायची, माशी बसावी तसा.

---

निघायच्या आदल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर दादांनी योगेशला ओसरीवर बोलावलं. मी आत उंबऱ्याशी होते. ते मला ऐकू जावं म्हणूनच जरा मोठ्याने बोलत होते.

"योगेश, माझं ऐकशील तर आणखी वर्षभर राहू दे तिला. शाळेत घालायच्या वेळी न्या. तोवर तिला समज येईल. हिचाही पाय नीट होईल. अजून वाकता येत नाही, उचलता येत नाही, आणि तू दिवसभर कामावर. पोरगी तिथे उपाशी रडत बसली तर कोण बघणार?"

योगेश मान खाली घालून खाटेची दोरी चाचपत राहिला. त्याची ती खाली गेलेली मान मला दादांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागली.

"वर्षाने ती मला फोनआईसुद्धा म्हणणार नाही," मी उंबऱ्यातूनच म्हणाले. दिरासमोर मी इतकं मोठ्याने कधी बोलले नव्हते.

दादा भिंतीकडे बघत म्हणाले, "असं कसं होईल? रक्ताचं नातं कुठे जातं?"

"जातं, दादा. मी बघतेय ना रोज."

मग योगेश म्हणाला, "असं करू. उद्या सकाळी तिने अनुजाच्या हातचं काहीही खाल्लं-प्यायलं, चमचाभर का होईना, तर नेऊ. नाहीतर... राहू दे मग. प्रवासात, नव्या घरात, दोन दिवस काही पोटात गेलं नाही तर काय करणार आहोत आपण?"

ताई आतल्या खोलीत निमूला थोपटत होत्या. त्यांचा थोपटण्याचा आवाज मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. योगेशने हाक मारून विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं," त्या तिथूनच म्हणाल्या. "पोर ज्याची त्याला. फक्त उपाशी आणि रडत नाही पाठवायची मी."

मी त्याचा माझ्यापुरता अर्थ लावला. म्हणजे नाहीच पाठवायची.

---

पहाटे मिक्सरच्या आवाजाने मला जाग आली. बाहेर अजून धड उजाडलंही नव्हतं. निमू गाढ झोपेत होती. मी तशीच पडून राहिले. काय झालं ते मला लगेच कळलं, किंवा कळलं असं वाटलं. आज ताईंनी आधीच करून ठेवलं. आज ती उठेल, धावत जाईल, पोटभर मायचं घुर्र पिईल, आणि मग मी अमृत जरी समोर धरलं तरी तिला भूक कुठून असणार?

उजाडल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर भरलेला पेला वाटीने झाकून ठेवला होता. ताई चुलीवरच्या पाण्याशी होत्या. न वळता म्हणाल्या, "मिक्सर धुऊन ठेवलाय. तुझं कर."

"कशाला, ताई? तुमचं झालंय ना?"

"तुझं कर, म्हटलं."

आता नवीन काही शोधायची ताकद उरली नव्हती. केळं, चिकू, चार बेदाणे, थोडं दही, थोडं दूध. नाशिकला आमच्या फ्रिजमध्ये जे असतं तेच. मिक्सर फिरला आणि त्या आवाजाने निमू उठून आली, डोळे चोळत, भिंतीला हात लावत.

"माय, घुर्र."

ताईंनी वाटी काढली आणि त्यांचा पेला तिच्या हातात दिला. मांडीवर घेतलं नाही. खालीही बसल्या नाहीत.

निमूने मोठा घोट घेतला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने तो घोट तिथेच फरशीवर टाकला, जीभ बाहेर काढली आणि परकराने पुसायला लागली. "छी! माय, छी!"

"काय छी?" ताई म्हणाल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. निमूनेही नसावा. "रोज पितेस ते. प्यायचं तर पी, नाहीतर ठेव खाली. आज दुसरं काही मिळणार नाही माझ्याकडे."

निमूने पेला त्यांच्याकडे धरला. त्यांनी घेतला नाही. तिने त्यांच्या साडीला हात घातला. ताईंनी तो सोडवला, अगदी हळू, एकेक बोट, आणि त्या चुलीकडे वळल्या. "मला कामं आहेत. जा तिकडे."

पोरीचा खालचा ओठ पुढे आला. ती रडली नाही. तिला इतकं आश्चर्य वाटलं होतं की रडायचं राहूनच गेलं. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग पेला फरशीवर ठेवून माझ्याकडे वळली.

मला वाकता येत नव्हतं. मी काठी सोडली, ओट्याला धरून दुखरा पाय पुढे टाकत कशीबशी जमिनीवर बसले. पेला पुढे केला. काही बोलले नाही. आठवडाभर फार बोलले होते.

ती आली. पेल्यात आधी बोट घातलं, ते चाटलं. मग दोन्ही हातांनी पेला धरला, माझ्या हातांवरूनच. तिचे तळवे गरम होते, झोपेतले. घोट घेतला, थांबली, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि पुढचा घेतला. पेला उलटा होईपर्यंत ती थांबली नाही. मिशी या वेळी पांढुरकी आली.

"अजून," ती म्हणाली.

"योगेश!" मी ओरडले. "योगेश, बघ ना, अरे बघ!"

---

तो आला, बघितलं, निमूला उचलून ओसरीवर घेऊन गेला. "दादा, प्यायली! सगळं प्यायली!" बाहेर गडबड सुरू झाली. बॅगा, गाडीवाल्याला फोन. मी ओट्याला धरून उठले आणि माझा पेला विसळायला घेतला. शेजारी ताईंनी उचलून ठेवलेला त्यांचा पेला होता, निमूने टाकलेला, भरलेलाच. वर पाणी सुटलं होतं आणि खाली चोथा बसला होता.

मी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

कडू. कारल्यासारखं नव्हे, आतून चढत जाणारं कडू.

बी.एस्सी.ला आम्हाला एक प्रयोग होता. परीक्षानळीत दूध घ्यायचं, त्यात पपईचा चीक घालायचा आणि तसंच ठेवून द्यायचं. चीक दुधातली प्रथिनं फोडत जातो आणि दूध हळूहळू निवळतं. चव घ्यायची नाही असं मॅडमनी बजावलं होतं, म्हणून आमच्या वर्गातल्या एकीने घेतलीच, आणि दिवसभर थुंकत फिरली होती. पिकल्या पपईचं दूध लगेच प्यायलं तर गोड. ठेवलं की बिघडतं. आणि पपई जितकी हिरवी तितकं लवकर.

मोरीजवळच्या बादलीत सालं होती. हिरवी, दुधाळ. आणि ओट्याखाली टोपलीत, कागदात गुंडाळलेल्या, पिवळ्याधमक पिकलेल्या पपया होत्या, हात लावला तर बोट रुतेल अशा.

वर्षभर रोज सकाळी हेच करणाऱ्या बाईला हे माहीत नव्हतं, असं कसं म्हणू?

"काय करतेस?" ताई मागच्या दारात उभ्या होत्या.

"हे कडू झालंय, ताई."

"हो? होतं तसं. पपईचं ठेवलं की होतं."

"पहाटे केलंत ना."

"जाग आली लवकर."

"कच्ची घेतलीत."

त्यांनी पदराने हात पुसले. ते कोरडेच होते. मग म्हणाल्या, "तुझं संपवलं ना तिनं?"

"संपवलं. अजून मागितलं."

"मग झालं तर." जरा थांबून म्हणाल्या, "चिकू फार नको घालत जाऊ. तिला शीला खडा होतो. आणि फेस मोडायच्या आत दे. फेस मोडला की तोंड फिरवते."

"ताई..."

"दे तो पेला, घासायला टाकते."

मी दिला नाही. काय करावं हे सुचत नव्हतं, म्हणून तो तसाच तोंडाला लावला. त्या पुढे झाल्या, माझं मनगट धरलं आणि पेला काढून घेतला. "वेडी आहेस का? पोट बिघडेल, गाडीत बसायचंय." आणि ते सगळं मोरीत ओतून त्यांनी वरून दोन तांबे पाणी टाकलं.

---

त्या घरातून कोणी कडू तोंडाने निघत नाही. ताईंनी आमच्या तळहातांवर दही-साखर घातली, योगेशच्या, माझ्या. निमूची पाळी आली तेव्हा वाटी माझ्या हातात दिली. "तिला तू दे." मी दिली. दादा या वेळी भिंतीला नाही, मलाच म्हणाले, "पाय जप, बाई." ताई फाटकापर्यंत आल्या नाहीत. दूध उतू जाईल म्हणाल्या.

गाडी निघाली तेव्हा निमू खुशीत होती. काचेला नाक लावून बागा बघत होती. तिला वाटत होतं आपण फिरायला निघालोय, परत जाणार. सारंगखेड्याचा तापीवरचा पूल आला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, सीटवर उभी राहून मागच्या काचेतून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"माय?"

मी तिला मांडीवर घेतलं.

"माय कुठंय?"

आणि मग ती रडायला लागली. आठवडाभर तिच्या तोंडून ती हाक ऐकली की माझ्या छातीत कुणीतरी चिमटा काढायचं, आणि मी घाईघाईने खेळणं, बिस्कीट, गाणं, काहीतरी पुढे करायचे, ती हाक मिटावी म्हणून. आता ती माझ्या मांडीवर होती, माझीच झाली होती, आणि सगळ्या अंगाने त्या बाईला बोलावत होती.

"अगं, गप्प कर तिला," योगेश पुढच्या सीटवरून म्हणाला. "दाखव काहीतरी. तो मोबाईल दे."

"नको."

"अगं, पण किती रडतेय!"

"रडू दे," मी म्हणाले. "ताईंसाठी कोणीतरी रडायला हवं."

तो मागे वळून बघायला लागला. मी निमूला घट्ट धरलं आणि पूल संपेपर्यंत, आणि पुढे कितीतरी वेळ, तिला रडू दिलं.